पडद्याआडचे पाय

"पप्पा, आईचे पाय उचलत नव्हते, तं मंग पेटी वाजली कशी?"

एवढंच विचारायचं होतं. शकुन आणि ललिता या दोन मैत्रिणींनी राजापेठेतून शाळेला जाताना सलोमीशी पैज लावली होती. "आमच्यापुढं भल्ल्या फुशारक्या मारतं," शकुन म्हणाली. "भर चर्चमधी विचारून दाखव, तं मानू!" सलोमी त्याच साली मॅट्रिकच्या वर्गात गेलेली, वादविवादात बक्षीस घेऊन आलेली. आपण तोंड उघडलं की जग चिडीचूप होतं, अशी तिची पक्की समजूत झालेली. तिनं टाळी दिली.

आणि रविवारी तिची आई कृपाबाई हिची स्मरणसभा भरली. पोरगी दहा वर्षांची असताना कृपाबाई गेली. पाच वर्षं झाली होती.

कृपाबाई चर्चमध्ये पायपेटी वाजवायची. खाली पायांनी भाता हलवायचा आणि वर हातांनी सूर काढायचे. बाई अशी, की हात कणकेत असले तरी बोटं परातीच्या काठावर ताल धरायची. दळताना म्हणायच्या ओव्यांच्या चाली तिनं भजनांना लावल्या. मग ज्या म्हाताऱ्यांना अक्षर येत नव्हतं, त्याही गळा मोकळा सोडून गाऊ लागल्या. नवऱ्याला, शमुवेल मास्तरांना, रविवारी कडक इस्त्रीचा सदरा. पोरीच्या वेण्या, पोरीच्या पोटात गरम भाकर. आणि स्वतः उपाशीच पेटीवर. लोक म्हणत, काय भक्ती! भूक लागली का, असं कोणी म्हटलं नाही.

पेटीपुढं एक जाड पडदा असायचा. भाता हलवताना बाईचे पाय पुरुषांच्या बाकांना दिसू नयेत, म्हणून चर्चच्या पंचांनीच तो लावलेला.

शेवटच्या वर्षी तिचे पाय सुजले. बोटानं दाबलं तर खळगा पडायचा आणि लवकर भरायचा नाही. अकोल्याच्या मामांचे निरोपावर निरोप, की इकडं आणा, मोठ्या डॉक्टराले दाखवू. कृपाबाई स्वतः म्हणाली, "मले अकोल्याले न्या हो." जन्मात तिनं नवऱ्याकडं मागितलेली ती एकच गोष्ट असेल. मास्तर म्हणाले, "नाताळ होऊन जाऊ दे. पेटीबिगर नाताळ कसा दिसन?"

नाताळ झाला. जानेवारीत कृपाबाई गेली.

स्मरणसभेत मास्तर साक्ष द्यायला उभे राहिले. घरी वऱ्हाडी बोलणारे मास्तर चर्चमध्ये पुस्तकातलं बोलत. "बंधुभगिनींनो, त्या नाताळच्या सकाळी तिच्या पायांत त्राण नव्हतं. खुर्चीसकट उचलून आणलं तिला. पण प्रभूनं त्या पायांना बळ दिलं, आणि पेटी वाजली!"

"आमेन!" बाकं म्हणाली. दर वर्षी म्हणत.

आणि सलोमी उठली. मागच्या बाकावर शकुननं ललिताला चिमटा काढला. सलोमीनं खणखणीत आवाजात तोच पैजेचा प्रश्न विचारला.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मी सांगतो मंग," सलोमी म्हणाली. "पडद्याआड मी होती. पप्पांनीच बसवलं. दोन्ही हातांनी भाता दाबून राहिली होती, सारी उपासना. आईचे पाय माह्या गालाले लागून होते. गार!"

चर्च चिडीचूप. सलोमीला वाटलं, जिंकलं.

तेवढ्यात जाईबाई, चर्चमधली सगळ्यात म्हातारी, ठणठणीत आवाजात म्हणाली, "तरीच म्हटलं वं माय, त्या साली गाणे असे रेंगाळत काहून होते!"

बायकांच्या बाकांवर खसखस पिकली. पाळकसाहेब हात पसरून पुढं आले. डोळे भरलेले. "केवढी सुंदर साक्ष! लेकरू आईचे पाय झालं! धन्य ती माता! आता येत्या रविवारपासून या पेटीवर हीच मुलगी बसेल."

"पण आई म्हणत होती, मले अकोल्याले..." सलोमी बोलत होती. कोणीतरी भजन सुरू केलं होतं. कृपाबाईनं बसवलेलीच चाल होती ती. सगळे अगदी तल्लीन होऊन गात होते.

बाहेर चहा-चिवड्याच्या गर्दीत मैत्रिणींनी तिला गाठलं.

"जिंकली बाप्पा तू!" शकुन म्हणाली.

"मंग रडून काहून राहिली?" ललितानं विचारलं. "सारे तं वाहवा करून राहिले तुही."

"त्याईनं ऐकलंच नाही वं," सलोमी म्हणाली. "बोलली मी एक, अन् त्याईनं गाणं केलं त्याचं."

घरी मास्तर खुशीत होते. रागावतील म्हणून सलोमी तयारीनं आली होती. खुशीची तयारी तिच्याजवळ नव्हती. "मले पयले धस्स झालं," ते नव्या आईला, मार्थाबाईला, सांगत होते. "पण काय बोलली पोरगी! पुढच्या साली साक्षीत हेबी घेतो मी. आपल्या घरची पेटी पाच सालानं आपल्या घरात वापस आली, पाह्य बरं."

मार्थाबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली, पोरीकडं पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"बाई, तू काहून उभी हाये? बस."

"बसत नाही," सलोमी म्हणाली. आता आवाज खणखणीत नव्हता. पण हलतही नव्हता. "पप्पा, नवी आई, दोघंही ऐका. येत्या रविवारी मी पेटीवर बसणार नाही, अन् त्याच्या पुढच्याही नाही. आईले तुमी अकोल्याले नेलं नाही. मी चालली. उद्याच्या मोटारीनं मामाकडं, अन् मॅट्रिकबी तिथूनच करीन."