कपाटातली हळद

वीज जाणे आणि काम थांबणे या दोन घटना एकच आहेत असे मानणारे लोक मला पदोपदी भेटतात, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात माझे अर्धे आयुष्य गेले. त्या दोन घटनांमध्ये अंतर राखणे हाच माझा व्यवसाय. वडपे गावातल्या औषधांच्या गोदामात संगणक-खोलीचा यूपीएस मीच बसवला होता. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत त्याच्या बॅटऱ्यांनी सगळे संगणक तोलून धरायचे, एवढेच त्याचे काम.

त्या खोलीची प्रमुख मृणाली. गोदामाची जमीन तिच्या वडिलांची, काळूराम भोईरांची. त्यामुळे ‘बापाच्या जागेवर बसलेली पोरगी’ हे बिरुद तिला पहिल्याच दिवशी चिकटले होते. आता लशींच्या साठवणुकीचे काम इथे येऊ घातले होते आणि त्या विभागाची सूत्रे तिच्याकडे जाणार होती. अट एकच: औषध कंपनीच्या अधिकारी मनिषाबाई यांच्यासमोर ही खोली चाचणीला उतरली पाहिजे. लग्नाची रजा संपवून मृणाली आदल्याच दिवशी कामावर आली होती. हातांवरची मेंदी अजून फिकी पडली नव्हती. लेकीचे कौतुक पाहायला काळूरामशेठही येऊन उभे होते.

चाचणीसाठी वीज तोडायला मी मुख्य स्विचकडे हात नेताच त्यांनी यूपीएसकडे बोट दाखवत मला अडवले.

“हिरवा दिवा पेटलेला हाय ना, साहेब? मंग लाइट कशाला घालवता? चालत्या गाडीचा चाक काढून बघता का?”

“चाक काढत नाही, शेठ. ब्रेक दाबून पाहतो. गाडीला ब्रेक आहे अशी पाटी लावून भागत नाही.”

“तुमच्याशी बोलण्यापेक्षा म्हस बरी. ती निदान मान तरी हलवते!”

मनिषाबाई हसल्या. मृणालीही हसली. “करा सर. मला दिव्यावर पास व्हायचं नाहीये.”

मी स्विच खाली ओढला.

सगळे पडदे एकदम काळे झाले. यूपीएसने एक केविलवाणी शीळ घातली आणि तेही गप्प झाले. संगणकांच्या पंख्यांची घरघर इतका वेळ कानांना जाणवली नव्हती. ती थांबल्यावर खोली बहिरी झाल्यासारखी वाटली. बाहेर जनरेटर धडधडत सुरू झाला, पण आता त्याचा उपयोग काय? जे तोलून धरायचे होते ते केव्हाच कोसळले होते.

“अशक्य,” असे कुणीतरी म्हणाले. तो आवाज माझा होता.

मी बॅटऱ्यांचे कपाट उघडले आणि तसाच थांबलो. प्रत्येक बॅटरीच्या काळ्या झाकणावर पिवळ्या बोटांचे ठसे होते. एका खाचेत पिवळा झालेला तांदळाचा दाणा अडकला होता. मृणालीने वाकून ठशावर बोट फिरवले आणि ते नाकाशी नेले.

“बाबा, ही हळद आहे.”

“अगो, तुझीच हळद,” काळूरामशेठ मोकळेपणाने म्हणाले. “गावचा ट्रान्सफॉर्मर उडाला, डीजे बंद पडला. मांडवान सगली पाव्हणी बसलेली. मंग इथल्या बॅटऱ्या नेल्या. मांडव उतरल्यावर जशाच्या तशा लावल्या. दिवा हिरवा झाला ना? मंग काय झाला?”

काय झाले ते मी सांगितले. तळापर्यंत उपसलेली बॅटरी कित्येक दिवस तशीच ठेवली की ती आतून मरते. पुन्हा जोडल्यावर दिवा हिरवा होतो, कारण त्याला फक्त बसलेल्या माणसाची नाडी कळते. ओझे उचलण्याचा दम कळत नाही.

मृणाली माझे ऐकत नव्हती. “मी नाचले त्याच्यावर,” ती म्हणाली. “आवाज काय मस्त आहे, असं सगळ्यांना सांगत होते.”

मनिषाबाईंनी शांतपणे विचारले, “या खोलीची चावी आणखी कुणाकडे असते?”

शेठ माझ्या कानाशी आले. “साहेब, बॅटऱ्याच खराब निघाल्या असा सांगा. नवीन मी आणतो. पोरीचा नुकसान नको.”

तोवर मृणाली मनिषाबाईंना उत्तर देत होती. “वडिलांकडे. जागा त्यांची म्हणून. मी कधी परत मागितली नाही.”

“मग लशी कशा ठेवू इथे?” मनिषाबाईंनी पिशवी खांद्याला लावली. “उद्या कुणाचं बारसं निघेल. यंदा तरी नाही, मृणाली.”

त्या गेल्या. शेठ लेकीकडे पाहत राहिले. आपण तिची हळद वाजवली की तिचे काम बुडवले, याचा मेळ त्यांना लागत नव्हता.

“बाबा, चावी द्या.”

“अगो, जागा माझा हाय—”

“जागा तुमचीच. खोली नाही.”

त्यांनी खिशातून जुडगा काढला. घराची, ट्रॅक्टरची, देवघराची अशा सगळ्या चाव्या एकाच घट्ट कडीत होत्या. त्यांना ती कडी उघडेना. मी पक्कड पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

मृणालीने घेतली.