आठ माग, माणूस एक

कबनुरात कापडाच्या कारखान्यांत एका कामगाराला चार माग, असाच रिवाज. पण आमचा मालक जिनेंद्रशेठ म्हणला, "ज्ञानू, आठ संभाळलास तर ठेवतो. न्हायतर घरला जा." माझ्यासंगं पाच जण हुते. आठवड्यात पाचीजण घरला गेलं. मी टिकलो ते माझ्या बायकोमुळं, विठामुळं. शेजारच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची ती, ते काम सोडून रोज माझ्याबरोबर हुबी ऱ्हायची. चार माग ती बघायची, चार मी. पगार माझा एकट्याचा.

परवा कॉलेजातनं प्रियदर्शनी नावाची पोरगी वही घेऊन आली. कुठल्या धंद्यात माणशी किती काम वाढलं, ह्याची पाहणी म्हणं. साखर कारखानं झालं, फौंड्र्या झाल्या, दूधवालं झालं.

"सगळ्यांत जास्त वाढ तुमच्याकडं दिसते," ती म्हणली. "माग तर जुनेच आहेत. मग वाढ आली कुठनं?"

शेठनं माझ्या पाठीवर थाप मारली. "ह्यो बघा की आमचा गडी!"

"एकटेच आठ चालवता? कुणाची मदत?"

विठा तवा माझ्या मागावरचा तुटलेला धागा जोडत हुती. खरं बोललो तर आठाचं चार, आन् मी घरला.

"कोण न्हाय," मी म्हणलो.

"मग ह्या बाई?"

"बायको हाय. घरात करमत न्हाय म्हणून येऊन बसती."

पोरीनं लिवून घेतलं. विठानं मान वर केली न्हाय. धागा जोडला आन् पुढच्या मागाकडं गेली. मेल्याहून मेल्यागत झालं मला.

पोरगी गेली तसा शेठ हसाय लागला. "मला आंधळा समजलास व्हय रं? महिनाभर बघतोय. धागा तुटतोय तो तुझ्या चारांवर. तिच्याकडं न्हाय." मग विठाला म्हणला, "बाई, उद्यापासनं आठी माग तुमच्या नावावर. पगार ज्ञानूच्या निम्मा. बायामाणसाला तेवढा बास."

"आन् मी?"

"तू ये की! तिच्या हाताखाली राबायचं, बिनपगारी. वहीत माणूस एकच दिसाय पायजे."

माझं डोस्कं सटाकलं. "चल विठा! थुकतो असल्या कामावर!"

ती हलली न्हाय. पदर खोचला आन् शेठला म्हणली, "मी बघती आठी. पर ह्यास्नी आत घेऊ नगा. घरात करमत न्हाय म्हणून येऊन बसतील."

आठ माग एका माणसाला झेपत न्हाईत. मला ठावं हाय, तिलाबी ठावं हाय. तरीबी आज सकाळी ती एकटीच गेली.