लाल स्वेटरचा म्हातारा

शाळा उघडल्यापासून मातिल्देच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नव्हतं. तिची आई बाजाराच्या तोंडाशी निखाऱ्यांवर कुई भाजून विकायची. आता ते सशाहून लहान, बिनशेपटीचं जनावर या गावात कोण खात नाही? सणाला तर हाडंसुद्धा चोखतात. पण भाजणारणीच्या पोरीला म्हणे वास येतो! ती वर्गात शिरली की दोमेनिका नाक दाबून "कुई, कुई" असं ओरडायची आणि तिच्यामागून सगळा वर्ग. नातालीसुद्धा. पहिलीपासूनची जिवाभावाची मैत्रीण, पण वारं फिरल्याबरोबर दप्तर उचलून दोमेनिकाशेजारी जाऊन बसली होती.

डिसेंबरात दोमेनिका आपणहून जवळ आली.

"ए मातिल्दे, वर्गाचा म्हातारा करायचाय. येतेस?"

वर्ष सरताना जुन्या कपड्यांत भुसा भरून म्हातारा करायचा, वर्षभराची पीडा त्याच्या माथी मारायची, बदडायचा आणि जाळायचा, ही इथली रीत. म्हातारा काय कुणी एकट्यानं करतं? मातिल्देला तर हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला.

"येते की!"

"मग कपडे लागतील. तुझा तो लाल स्वेटर आण."

"नवाय गं तो. आईनं विणलाय."

"राहू दे मग. बस एकटीच."

"आणते, आणते!"

मधल्या सुट्टीत नातालीनं तिला नळापाशी गाठलं. इकडंतिकडं बघत पुटपुटली, "स्वेटर देऊ नकोस."

"का? मी आले की तुझी जागा जाईल म्हणून?"

नाताली पाठ फिरवून निघून गेली. भित्री कुठली! आणखी चार शब्द बोलली असती तर जीभ झडली नसती.

मातिल्देनं स्वेटर हरवला म्हणून आईला सांगितलं, दोन थोबाडीत खाल्ल्या आणि तरी खुशीत झोपली. शाळा सुटल्यावर सगळ्यांबरोबर बसून तिनं मूठमूठ भुसा भरला. दोमेनिका तिला "आमची मातिल्दे" म्हणाली. हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या पोरीला खालचं काय दिसणार? म्हाताऱ्याचं डोकं तेवढं दोमेनिका घरून आणणार होती.

सुट्टी लागायच्या दिवशी मैदानात सगळ्या वर्गांचे म्हातारे खुर्च्यांवर बसवले. दोमेनिकानं आपल्या म्हाताऱ्यावरची चादर ओढली. लाल स्वेटर, मातिल्देसारख्याच काळ्या लोकरीच्या दोन वेण्या, कागदी चेहऱ्याला तिच्यासारखेच पुढं आलेले दात आणि मांडीवर भुशाची कुई. अख्खं मैदान खिदळलं. बाईसुद्धा म्हणाल्या, "नाक अगदी हुबेहूब जमलंय हं!"

दोमेनिकानं काठी मातिल्देच्याच हातात दिली.

"पहिला फटका तुझा. की रडणारेस?"

फाटक उघडं होतं. पळाली असती तर आईच्या कुशीत पोचली असती, आणि जानेवारीत पुन्हा त्याच रिकाम्या बाकावर. तिनं काठी उचलली. पहिला फटका दातांवर घातला, दुसरा आईनं विणलेल्या छातीवर. भुसा उडाला.

"हाण, मातिल्दे, हाण!"

वर्ग तिचं नाव घेऊन ओरडत होता. इतक्या महिन्यांत कुणी "कुई" सोडून दुसरं काही ओरडलं नव्हतं. डोकं तुटून पडेपर्यंत ती थांबली नाही.

मग म्हातारा पेटवला. लोकर लवकर पेट घेईना, नुसता धूर झाला. दोमेनिका म्हणाली, "पुढच्या वर्षी कुणाचा करायचा गं?"

समोर नाताली रडत होती. साऱ्या मैदानात मातिल्देसाठी रडणारी ती एकटीच, आणि मातिल्देला ते चांगलं कळलं.

"नातालीचा," ती म्हणाली. "ती अजून अंथरुणात मुतते. आमच्याकडं झोपायला यायची ना, मला माहितेय. कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती तिनं."

मग हशा फुटला आणि एकेकीनं नातालीकडं बघून नाक दाबलं.

दोमेनिकानं मातिल्देच्या खांद्यावर हात टाकला. डोंगरावरून गार वारं सुटलं होतं, अंगात स्वेटर नव्हता. तो हात तिला फार उबदार लागला.