न्हाणीतला पाट

गफ्फार मिस्त्रीला माझ्या घरात पाय ठेवू द्यायचा नाही, हे मी चौदा महिन्यांपूर्वी ठरवलं होतं आणि चौदा महिने पाळलंही. उमरखेडात वायरिंगचं काम करणारा तो काही एकटाच नाही. पण माझ्या जावयानं, पियुषनं, पुण्यात बसून परस्पर त्यालाच फोन लावला आणि मग मला सांगितलं, "आई, वायरिंग अन् गिझर तपासल्याशिवाय बाळ त्या घरात जाणार नाही." लेक माझी, फ्लॅट माझा, आणि हुकूम पुण्याहून. मी दातओठ खाल्ले आणि बरं म्हटलं.

त्या दिवशी नात पाच दिवसांची झाली होती. दुपारी बाराला माझ्या लेकीला, सुरभीला, दवाखान्यातून सुट्टी मिळायची होती, आणि घरी आल्याबरोबर आमच्या जुन्या सुईणीच्या, मानीबाईच्या, हातून बाळाची पहिली आंघोळ. सुरभीलाही तिच्या पाचव्या दिवशी मानीबाईनंच न्हाऊ घातलं होतं. त्यामुळे मिस्त्रीला मी दहाची वेळ दिली. दोन तासांत बघायचं आणि जायचं.

वाकडं कशावरून आलं तेही सांगून टाकते. आमची तीन मजली बिल्डिंग तीस वर्षांची, आणि तिचं मूळ वायरिंग गफ्फारनंच केलेलं. लोखंडी पाइप गंजले, पाणी तांबडं यायला लागलं. मी पुढाकार घेतला आणि बाहेरचे सगळे पाइप प्लास्टिकचे करायचं ठरवलं. भिंतीतले तेवढे राहू दिले, कारण फरश्या फोडायला कोणी तयार होईना. ते ठरवायच्या मीटिंगच्या वेळी गफ्फार जिन्यातला बल्ब बदलायला आला होता. कोणी विचारलं नसताना म्हणाला, "मॅडम, पाइप काढाच्या आंधी मले एक डाव पाहू द्या." त्यानं पुढे काही बोलायच्या आत मी म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही वायरी पाहा. नळात नाक खुपसू नका." सगळे हसले. तो हसला नाही. सामान उचललं, अर्धा बदललेला बल्ब तसाच सोडला आणि गेला. तीन दिवस आम्ही अंधारात जिना चढलो. ते मी विसरले नव्हते.

तर दहाला तो आला. मी चहा विचारला नाही, त्यानं पाणी मागितलं नाही.

आधी त्यानं हॉलमधला बोर्ड उघडला. आतल्या वायरीला नुसतं बोट लावलं तर वरचं रबर पापडासारखं तुटून पडलं. मग फ्यूज ओढून पाहिला आणि माझ्यासमोर धरला.

"एवढी जाड तार कोणं टाकली?"

"मी. दर दोन दिवसांनी उडत होता."

"उडत होता म्हून जाड तार?"

"मंग काय अंधारात बसू? ती सवय तुम्ही आम्हाले एकदा लावून पाह्यली."

त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "फ्यूज उडून तुमाले काहीतरी सांगून राह्यलता मॅडम. तुमी त्याचं तोंड बांधलं."

एकतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. सातवीच्या पोरांना फ्यूज काय करतो ते फळ्यावर चित्र काढून सांगितलं. ते हा मला सांगत होता, आणि त्याचं बरोबर होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

सुरभीच्या खोलीत बाळंतिणीच्या शेकासाठी मी कॉइलची नवी शेगडी आणून ठेवली होती. निखाऱ्याचा धूर बाळाला नको म्हणून. तिचा दोन पिनांचा, अर्थिंगची पिन नसलेला प्लग पाहून त्यानं ती सरळ गॅलरीत नेऊन ठेवली. मी गॅलरीत गेले आणि ती परत आणली. त्यानं ती पुन्हा उचलली नाही, पण तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. मीही पुटपुटले.

मग न्हाणी. गिझर सुरभीच्या लग्नाच्याही आधीचा. त्याचं बटण चालू करून त्यानं टेस्टर गिझरला नाही, नळाला लावला. टेस्टर पेटला.

"नळाले हात लावल्यावर काही लागते?"

"कधीमधी झिणझिण्या येतात. थंडीनं."

"थंडीनं," तो म्हणाला. मग खाली पाहिलं. "हा पाट कायले?"

"आंघोळीले. आमच्या घरी सगळे पाटावरच बसतात. सासूबाईंपासून."

"अन् पोरीले कोण न्हाऊ घालते?"

"मानीबाई."

"पाटावर बसून?"

आता मात्र मला हसू आलं. "पाटावर बसून कोणी बाळाले न्हाऊ घालते काय? खाली बसाचं, पाय लांब करायचे, पायांवर बाळ घ्यायचं. तुमच्या घरी लेकरं झाली नाहीत काय?"

तो हॉलमध्ये गेला, मेन स्विच खाली ओढला, फ्यूज काढला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

"करंट नळात उतरून राह्यला. अर्थिंग तुटली आहे, अन् थे तुमच्या पाइपानं..."

"माझ्या पाइपांचं नाव काढायचं नाही."

"मंग ऐका. म्या सांगेपर्यंत लाइट चालू करू नका."

"चौदा महिन्यांचा डाव आज साधता काय, मिस्त्री? नेमका आज?"

"तुमाले जे समजाचं ते समजा," असं म्हणून तो गेला. खिशात माझा फ्यूज घेऊन.

मी किती चिडले ते सांगता येत नाही. बाराला पाच दिवसांचं लेकरू येणार, जानेवारीची थंडी, आणि हा माणूस जुना राग काढून घर अंधारात टाकून गेला, असंच मला वाटलं. खरं म्हणजे मला तसं वाटून घ्यायचं होतं. देवघराच्या फडताळात एक जादा फ्यूज होता. तो मी शोधला, तार घातली, जाडच, आणि बसवला. मेन वर केला. दिवे लागले. गिझरचं लाल बटण पेटलं तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं.

बाराच्या सुमारास सुरभी आली. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला, दोघींच्या पायांवर पाणी घातलं, त्यांना आत घेतलं. मानीबाई आधीच येऊन बसली होती. तिनं तेल कोमट केलं, बाळाला चोळलं, आणि न्हाणीत जाऊन म्हणाली, "बाई, हा पाट मधात येते." तिनंच तो उचलून दाराबाहेर उभा केला. साडी गुडघ्यापर्यंत घेतली, ओल्या फरशीवर बसली, पाय लांब केले. नातीला तिच्या पायांवर मी ठेवलं. दार उघडं होतं, सुरभी खाटेवरून पाहत होती.

"सोडा पाणी," मानीबाई म्हणाली.

एरवी न्हाणीतही माझ्या पायात चप्पल असायची, पण बाळाच्या आंघोळीला ती घालून जाणं बरं दिसत नाही, म्हणून माझे पाय अनवाणी होते. मी नळाला हात लावला.

बोटं मुठीसारखी वळली आणि नळावर आवळली. दंडात, खांद्यात, जबड्यात काहीतरी धडधडत वर चढलं. हात कसा सुटला ते मला आजही माहीत नाही. पाय घसरला म्हणून सुटला असेल. माझी पाठ भिंतीवर आदळली. तोंडातून आवाज फुटेना.

"काय झालं बाई? राहू द्या, म्या सोडतो," असं म्हणत मानीबाईनं बसल्या बसल्या नळाकडे हात लांब केला.

मी तिच्या हातावर चापट मारली. जोरात. मानीबाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. माझी तिन्ही बाळंतपणं तिनं केली. ती हात पोटाशी धरून माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या पायांवरचं लेकरू दचकून रडायला लागलं. मी बाळाला उचललं, मानीबाईला बाहेर ओढलं, धावत जाऊन मेन पाडला आणि फ्यूज उपटून काढला.

"आई, मिस्त्री काय म्हणाला होता?" सुरभीनं विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. जिभेवर आलंही होतं. "लाइट लावू नका म्हणाला होता," मी म्हणाले. सुरभीनं माझ्या हातातून बाळ घेतलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

मी खाली उतरले. बाजारात कुठे सापडेल ह्या विचारात होते, तर तो बिल्डिंगच्या मागेच होता. नव्या अर्थिंगसाठी कुदळ घेऊन खड्डा खणत होता. बाजूला कोळशाचं पोतं, मिठाची पिशवी, तांब्याची पट्टी. मला पाहून थांबला आणि हात पुढे केला.

"द्या."

"काय?"

"दुसरा फ्यूज. तुमाजवळ असनच, हे आत्ता खणता खणता डोक्यात आलं. म्हून वर येणार होतो."

माझ्या मुठीतच होता. मी दिला.

"लावला होता?"

"हो."

"कोणाले लागलं?"

"मला."

"अन् पोरगी?"

"मानीबाईच्या पायांवर होती."

त्यानं कुदळ जमिनीत मारली आणि ती तिथंच सोडली. "मॅडम, तुमी मास्तरीण आहा. लाकडातून करंट सहजी जात नाई, हे तुमाले मी सांगावं? चवदा महिने तुमी त्या पाटानं जित्या राह्यल्या. थंडीनं नाई."

मग त्यानं भिंतीकडे बोट केलं. भिंतीतून वीतभर जुना लोखंडी पाइप बाहेर आलेला होता. त्याला एक गंजलेली पट्टी, पट्टीला वायर. पुढे माझा पांढरा प्लास्टिकचा पाइप थेट जमिनीपर्यंत. तीस वर्षं गिझरचा चुकार करंट त्या वायरीनं लोखंडी पाइपात आणि पाइपानं जमिनीत जात होता. मी जमिनीची वाट काढून टाकली. आता तो भिंतीतल्या पाइपात फिरायचा आणि नळाशी येऊन थांबायचा.

"हेच सांगणार होतो त्या दिवशी," तो म्हणाला.

मी तरीही भांडले. "अन् तुम्ही अर्थिंग नळाले काहून जोडली? तेव्हाच हा खड्डा काहून खणला नाही?"

त्यानं हातातली माती झाडली. "बिल्डर म्हणे, नळाले जोड, चालते. म्या जोडली. बावीस वर्षांचा होतो." मग म्हणाला, "थे बी बरोबर नोतं."

माफी त्यानंही मागितली नाही आणि मीही नाही. मी वर गेले आणि गॅसवर पाणी तापवलं. त्या दिवशी बाळाला नुसतं पुसून घेतलं. मानीबाईच्या हाताला तेल लावलं. ती म्हणाली, "लेकरू वाचलं ना बाई, झालं." तिनं असं म्हटल्यावर मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खड्डा भरला, नवी वायर वरपर्यंत आली, गिझरची फुटकी कॉइल बदलली. गफ्फारनं टेस्टर लावला, मग वायरीला बांधलेला बल्ब लावून पाहिला. काही पेटलं नाही. त्यानं पाट उचलून बाहेर ठेवला आणि फरशीवर पाण्याची बादली ओतली.

"आता कोणीतरी अनवाणी उभं राहून नळ धरा," तो म्हणाला. "तुमी म्हणसान तं मी धरतो. पण मंग तुमाले खरं वाटन काय?"

त्याच्या आवाजात अजूनही तोच राग होता, जिन्यातला बल्ब अर्धा सोडून गेला तेव्हाचा. मला तो आदल्या दिवशीपेक्षा जास्त आवडायला लागला होता असं मुळीच नाही. मानीबाई दारात बाळाला घेऊन उभी होती. तिच्या हातावर माझी बोटं अजून उमटलेली होती.

"धरायची पाळी माझी आहे," मी म्हणाले आणि चप्पल काढली.

पाण्याचा गारवा घोट्यापर्यंत चढला.  मी नळ धरला, पूर्ण मुठीनं.

नळ नुसता थंड होता.

मी तो सोडला नाही. तशीच धरून उभी राहिले, कारण मागे वळले असते तर गफ्फारला माझं तोंड दिसलं असतं.