पहिल्या रेकॉर्डीवर आलेला टँकर

हिंमतराव दूध सोसायटीचे सचिव होते, आणि शहाऐंशीच्या दुष्काळात सोसायटीत दूधच येत नसल्यामुळे त्यांच्याइतका निवांत माणूस उमरगा तालुक्यात दुसरा नव्हता. त्यांचा सगळा जीव दोन रेकॉर्डींत अडकलेला. कुणा गोऱ्या रॉक गायकानं बँड सोडल्यावर एकट्यानं काढलेल्या, अगदी सुरुवातीच्या; एका ट्रकवाल्याकरवी हैदराबादच्या जुन्या बाजारातून मिळवलेल्या. पुढं तो गायक गोड गायला लागला, पैसेवाला झाला आणि हिंमतरावांच्या मनातून उतरला. गावात माणशी एक घागर पाणी. पण रेकॉर्डी रोज ओल्या फडक्यानं पुसल्या जात. बायको कमलबाई कपाळावर हात मारून घेई.

टँकर मंजूर करायला साहेब येणार असं कळलं, तेव्हा सोसायटीचे चेअरमन आबाराव स्वतः घरी आले.

"सचिव, तुमचा त्यो रडका गोरा द्या. भोंग्यावर लग्नाची गाणी लावली तर सायेब म्हणंल, गाव लई मजेत हाय."

"रडका न्हाय त्यो, आबाराव! काळीज फाडून गातोय."

"मंग तर लईच बेस."

रेकॉर्ड स्वतः लावायची, या अटीवर हिंमतराव कबूल झाले. भोंगा असा काही कण्हला, की छावणीतली जनावरंसुद्धा वैरण सोडून बघायला लागली. साहेब जीपमधून उतरले आणि कोरड्या आडाकडे ढुंकूनही न बघता थेट भोंग्यापाशी आले.

"ही पहिली ना? दहा वर्षं शोधतोय मी!"

हिंमतरावांना गहिवरून आलं. जन्मात एकदाचा कदर करणारा माणूस भेटला होता. भान सुटून ते बोलून गेले, "साहेब, दुसरी तर हिच्याहून सरस. आहे आपल्याकडं."

साहेबांनी रेकॉर्ड हातात घेतली, ती खाली ठेवलीच नाही. मंजुरीवर सही व्हायची होती. सगळं गाव रिकाम्या घागरी घेऊन हिंमतरावांच्या तोंडाकडे बघत होतं, त्यात कमलबाईही.

"ठेवा, साहेब," ते कसंबसं म्हणाले.

सही झाली. टँकर आला. हार घालून सत्कार झाला तो आबारावांचा.

पंधरा दिवसांनी कचेरीतून पत्र आलं. टँकरची मुदत महिनाअखेर संपते. मुदतवाढीच्या पाहणीसाठी साहेब पुन्हा येत आहेत. सचिवांनी उर्वरित साहित्यासह हजर राहावे.

दुसरी रेकॉर्ड काखेत घट्ट धरून हिंमतराव अंगणात आले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पावसासाठी आभाळाला हात जोडले.