भगव्या पडद्यामागची वायर

त्या दिवशी इंझोरीच्या सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. पाटावर एका म्हातारीचा मोबाईल होता, त्याला चार्जिंगसारखी वायर लावलेली. हरीओम बाबांनी हात वर नेला.

"हात नाही लावला, बटन नाही दाबलं! जुनं पाप, मर! नवा जीव, ये!"

स्क्रीन काळी झाली आणि थोड्या वेळात फोन आपोआप सुरू झाला. जयजयकार उठला.

"बाबा, मंग वायर कायले?" कोणीतरी विचारलं.

"शक्तीले याले वाट पायजे, माय! फोन नवा होते, तं माणसाचं डोकं काहून नाही होनार? गोळ्या फेकून द्या!"

माझी बहीण वच्छला याच बोलण्याला भुलली होती. तिच्या मुलीला, संस्कृतीला, मिरगी आहे. गोळ्यांनी झटके थांबले होते. बाबांनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वच्छलानं गोळ्या बंद केल्या. मग शाळेच्या पायऱ्यांवरच झटका आला, कपाळ फुटलं. पोर आजीसोबत वाशीमच्या दवाखान्यात, आणि आई इथं अंगारा मागायला आलेली! मी मंगरूळपीरच्या कॉलेजात विज्ञान शिकवते. बहिणीला परत न्यायला मी तिच्या मागोमाग आले होते.

मी नाव सांगितलं, माझा फोन पाटावर ठेवला, वायर लावली. बाबा पुन्हा तेच ओरडले. काहीच झालं नाही.

"तुह्या मनात शंका आहे, निकिता."

मग मी वच्छलाचा जुना फोन ठेवला. तो बंद होऊन सुरू झाला.

"शंका तं अजून तशीच आहे, बाबा," मी म्हटलं आणि वायर उपटली. "आता करा."

बाबांनी घसा बसेपर्यंत मंत्र म्हटले. फोन ढिम्म. वायर सतरंजीखालून भगव्या पडद्याकडे गेली होती. मी पडदा ओढला.

मांडीवर लॅपटॉप घेऊन धनराज बसला होता. मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, वच्छलाचा नवरा, संस्कृतीचा बाप.

"भाऊजी, सांगा सगळ्यायले," मी म्हटलं.

तो खाली मान घालून बोलला. "फोनमंदी मोडेम असते, टॉवरशी बोलनारं. त्याले कॉम्प्युटरवरून लिहून हुकूम देता येते. 'एटी'नं सुरू होनारे हुकूम. काही जुन्या फोनमंदी ते वायरीतून थेट आत जाते, फोन काही इचारत नाही. त्यातला एक हुकूम म्हंजे, बंद होऊन पुन्हा सुरू हो. नव्या फोनमंदी हा रस्ता बहुतेक बंद असते."

लोक बाबांवर धावले. वच्छला मात्र नवऱ्यासमोर उभी राहिली.

"बाबा तं परका. पन तुमी? पोरीच्या गोळ्या मी तुमच्यासमोर बंद केल्या. तुमी जेवून राह्यले होते. एक शब्द नाही बोलले."

"बोललो असतो तं हे समदं उघडं पडलं असतं, बाबाचे पैसे बंद झाले असते, वच्छला. मले वाटलं, पोरीले काही होनार नाही..."

"तुमाले तसं वाटलं!"

ती एवढंच बोलली आणि बसथांब्याकडे निघाली. तो मागे आला, तिनं वळून पाहिलं नाही. संस्कृतीच्या गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू झाल्या. वच्छला अजून माहेरीच आहे.

चमत्कार दाखवणाऱ्याला म्हणा, मला जवळून पाहू दे. तो नाही म्हणाला, तर समजा, काहीतरी लपवतोय. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच थांबवू नका. सांगणारा घरचा असला, किंवा घरचाच गप्प बसला, तरीसुद्धा.