वीरप्पाचं विमान

शेलवाडीच्या वीरप्पाला सारं गाव हसायचं, त्याचं त्याला फारसं काही वाटत नसे. सलायचं ते एकच. त्याची बायको सिद्धम्मा हसत नसे. ती नुसतं म्हणायची, "असंल."

येडशीचा डोंगर उतरून खाली आलं की शेलवाडीचं तळं लागायचं. तळ्याच्या बांधाखाली झिरपत्या पाण्यानं एक दलदल झाली होती. कधीकाळी तिच्यात एक रेडा शिंगांसकट गडप झाला, म्हणून तिला रेडबुडी म्हणायचे. रेडबुडीला लागूनच वीरप्पाचा पानमळा. माणूस कष्टाळू, गळ्यात लिंग, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण तोंडाला बांध नव्हता. तळ्यात रेडकाएवढा मासा पाहिला असं त्यानं एकदा भर पारावर सांगितलं, आणि माशाची लांबी दाखवायला हात पसरले तेव्हा शेजारी बसलेल्याचा पटका खाली पडला. तेव्हापासून वीरप्पा काही सांगू लागला की लोक रुपयातले पंधरा आणे वजा करूनच ऐकायचे.

पुढं लढाईच्या वर्षांत, एका श्रावणात, विमान पडलं.

बाजारचा दिवस होता. गाव बाजाराला गेलेलं, सिद्धम्मा उमरग्याकडं माहेरी. धुकं असं दाटलेलं की मळ्यातला वेल दिसत होता, पण वेलाचा शेंडा दिसत नव्हता. वीरप्पा वेली बांधत असताना डोक्यावरून घरघर आली. मग धुक्यातून एक लांबडं काळं धूड तिरपं खाली आलं आणि रेडबुडीत घुसलं. चिखलाचा फवारा मळ्यापर्यंत उडाला. वीरप्पा नखशिखांत माखला. धावत जाऊन बघतो तर वर नुसते बुडबुडे.

संध्याकाळी त्यानं गावाला सांगितलं. लोक आले, बघितलं. दलदल तोंड मिटून बसलेली.

धोंडीबा पाटलांनी विचारलं, "विमान पडलं म्हणतोस, मग ते हाकणारा माणूस कुठाय?"

"म्या काय सांगू? या लिंगाची आण घेऊन सांगतो पाटील, या डोळ्यांनी बघितलं!"

"आन् माशाला कोणत्या डोळ्यांनी बघितलं होतं?"

सारं गाव हसून आडवं झालं. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं इमान्या. पोरंसोरं मळ्यावरून जाताना तोंडानं घरघर करायची. माहेराहून आलेल्या सिद्धम्माला त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं आणि म्हणाली, "असंल." तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. लिंगाची आण घेतली तरी घरच्या माणसानं 'असंल' म्हणावं?

पुढच्या उन्हाळ्यात दुसरीच गोष्ट घडली. नागूबाईची दुभती म्हैस रेडबुडीच्या काठाला रुतली. नागूबाई म्हणजे गावची एकटी, करारी म्हातारी. म्हैस हेच तिचं गणगोत. ओरडाओरड झाली, दोर आले, पण दोराला ओढ द्यायला जवळ झाड नाही की खुंट नाही. तेवढ्यात चिखलातून वर आलेला गुडघ्याएवढा उंचवटा नागूबाईला दिसला. शेवाळानं हिरवा, पण खडकासारखा टणक. त्याला दोराचा वेढा दिला, माणसांनी जोर केला, म्हैस सुटली. नागूबाईनं तिथंच चिखलात डोकं टेकलं. म्हशीला वाचवणारा म्हसोबाशिवाय दुसरा कोण असणार? तिनं उंचवट्याला तेल-शेंदूर फासला. दर अवसेला बायका तिथं शेंदूर घेऊन जाऊ लागल्या. सिद्धम्माही जायची. बघता बघता देवावर बोटभर जाड खोळ चढली.

वीरप्पाही जायचा. हात जोडून म्हणायचा, "म्हसोबा, तू रेडबुडीचा मालक. माझं विमान तेवढं वर काढ."

लढाई संपली. त्यानंतरचा उन्हाळा असा कडक निघाला की तळ्याला भेगा पडल्या आणि रेडबुडीचा काठही वाळला. त्या उन्हाळ्यात तहसिलीचे पेशकार एका गोऱ्या साहेबाला घेऊन बैलगाडीतून गावात आले. साहेब उन्हानं लाल झालेला, पण हसऱ्या तोंडाचा. पेशकारांनी पाटलांना सांगितलं, "लढाईत हरवलेली विमानं हे साहेब हुडकतायत. या बाजूला कुणी काही पाह्यलं का?"

पाटील मिशीत हसले. "आमच्या इमान्याला विचारा की. त्येच्याकडं एक हाय."

वीरप्पाला बोलावणं गेलं. तो हातातली पानांची टोपली टाकून अनवाणी पळत आला. वाटेत सिद्धम्माला म्हणाला, "चल, आज तू डोळ्यांनी बघ." ती पदर खोचून मुकाट मागून निघाली. तिच्या मागं सारं गाव, अगदी मौज बघायला निघाल्यासारखं.

वीरप्पानं बरोबर जागा दाखवली. फळ्या टाकून माणसं आत गेली, बांबू खुपसले, फावड्यांनी गाळ उपसला. दुपार कलू लागली तेव्हा फावड्याला काहीतरी लागलं. वीरप्पा उडी मारून खाली उतरला. निघालं काय, तर गाडीचं जुनं मोडकं चाक.

"इमान न्हाय, पण इमानाचं चाक गावलं बरं का!" कुणीतरी ओरडलं. गाव हसून हसून थकलं. साहेबानं टोपी झटकली, पेशकारांनी गाडी जुंपायला सांगितली. वीरप्पानं सिद्धम्माकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती.

मग वीरप्पाचं डोकं फिरलं. तो तरातरा म्हसोबापुढं गेला. तिथं नैवेद्याचा नारळ पडलेला होता. नारळ फोडायला बाजूला एक काळा दगड होता. देवावर नारळ आपटायचा नाही, ही रीत. वीरप्पा रीत विसरला.

"तीन वर्सं हात जोडले तुला! तीन वर्सं! काय दिलंस रं?"

आणि त्यानं नारळ थेट देवाच्या डोक्यावर हाणला.

टण्ण!

घागर पडावी तसा आवाज झाला. साहेब गाडीत चढता चढता थांबला. शेंदराच्या खोळीला तडा गेला, हातभर ढलपी खाली पडली, आणि आतून चकचकीत पत्रा दिसला. पत्र्यावर बटणासारख्या गोल खिळ्यांची ओळ.

"मुडद्या, देवावर हात टाकलास!" नागूबाई काठी घेऊन धावली.

"नागूआक्का, अगं हे बघ तरी! देव न्हाय हे, माझं—" म्हणता म्हणताच वीरप्पानं कपाळावर हात मारला. ज्याला विमान मागत होता, तेच विमान होतं.

साहेब धावत आला, गुडघ्यावर बसला, पत्र्यावरून हात फिरवून भराभरा काही बोलला. पेशकार म्हणाले, "ही विमानाची शेपटी आहे. विमान मधे घुसलं आणि चिखलानं आतल्या आत काठाकडं सरकवलं. शेपटीवर त्याचा नंबर असतो. साहेबांना तो बघायचाय. सगळा शेंदूर काढा."

आता गाव हसेना. शेंदूर काढायचा म्हणजे देवाचं अंग सोलायचं. पाटलांनीही नकाराची मान हलवली. नागूबाई देवापुढं ठाण मांडून बसली. "माझी म्हैस यानं वाचवली. साहेबाच्या बापानं न्हाय."

पेशकार चिडले, पण साहेबानं त्यांचा हात धरला आणि विचारलं, मग करायचं काय?

"कौल लावा," सिद्धम्मा म्हणाली.

दिवसभरातले तिचे हे पहिले शब्द. नागूबाईनं तिच्याकडं बघितलं, उठली, आणि देवाच्या डाव्या-उजव्या अंगाला पाण्यानं एकेक फूल चिकटवलं. उजवं आधी पडलं तर देवाची परवानगी, डावं पडलं तर नाही. गाव उन्हात उभं राहिलं. फुलं काही हलेनात. साहेबही टोपी काढून उभा. वीरप्पाचा एक हात गळ्यातल्या लिंगावर.

सिद्धम्मा पुढं झाली. देवाला हात जोडून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्या मालकांनी लिंगाची आण घेतली, तरी म्या 'असंल'च म्हणत आले. दर अवसेला माझ्या हातानं तुला शेंदूर फासला, आन् त्यांचंच खरं झाकून ठिवलं. चूक झाली. आता तूच सांग बाबा."

उजवं फूल घसरलं आणि अलगद खाली पडलं.

"चांगभलं!" गाव गरजलं. "म्हसोबाच्या नावानं चांगभलं!"

नागूबाईनं कुणाला हात लावू दिला नाही. नारळाचं खोबरं सोडवावं तशी तिनंच हलक्या हातानं खोळ सोडवली आणि आपल्या पदरात घेतली. खालून तांबडा-पांढरा-निळा पट्टा निघाला, त्याच्याखाली काळी अक्षरं. साहेबानं बोटानं ती एकेक करून वाचली, मोठ्यानं ओरडला आणि वीरप्पाला मिठीच मारली. त्याचा पांढरा सदरा चिखलानं भरला.

"हेच ते!" पेशकारही आता हसत होते. "हाकणारा जिवंत आहे, पाटील. धुक्यात इंजिन बिघडलं, तर तो कापडाची छत्री उघडून डोंगरातल्या रामलिंगाच्या रानात उतरला आणि येडशीला जाऊन आगगाडीत बसला. विमान बार्शीकडं गेलं असं त्याला वाटलं, म्हणून इतके दिवस सगळे तिकडंच हुडकत होते."

"माणूस कुठाय म्हणून इचारलं होतं न्हाई का तुमी, पाटील?" वीरप्पा म्हणाला. पाटलांनी पटका सारखा केला आणि बैल आणायला माणसं पिटाळली.

पुढं जो खेळ झाला तो म्हातारी माणसं पुढं कितीतरी वर्षं सांगायची. गावातले सगळे बैल जुंपले, नागूबाईची म्हैसही पुढं लावली; तिचा मानच होता. दोर ताणले, बायकांनी पदर बांधून हात लावला. रेडबुडीनं मोठ्ठा ढेकर दिला आणि चिखलात न्हालेलं, एका पंखाचं विमान काठावर आलं. पोरं घरघर करत त्याच्याभोवती पळत सुटली, पण आज चिडवायला नव्हे.

नागूबाई म्हणाली, "खोळ तेरणा नदीत सोडायची, तशीच रीत हाय. आन् देव जागेचा असतो, पत्र्याचा न्हाय." तिनं नारळाच्या काळ्या दगडाला त्याच जागी बसवलं आणि नवा शेंदूर लावला. पहिलं बोट तिनं सिद्धम्माला लावायला सांगितलं.

दिवस मावळताना वीरप्पा आणि सिद्धम्मा मळ्याकडं निघाले. दोघंही चिखलानं ओळखू येईनात.

"बघितलंस?" तो म्हणाला.

"व्हय," सिद्धम्मा म्हणाली. "पडलं होतं विमान. अगदी तुमी म्हणला तिथंच पडलं होतं."

एवढ्यात मागून पाटील लगबगीनं आले, दम घेत म्हणाले, "वीरप्पा, एक इचारायचं ऱ्हायलं. तो रेडकाएवढा मासा… तळ्याच्या कोणत्या अंगाला बघितला होतास?"

वीरप्पानं हात पसरायला सुरुवात केली. पाटील पटका धरून दोन पावलं मागं सरले. सिद्धम्मानं नवऱ्याकडं बघितलं, मग वाळलेल्या तळ्याकडं, आणि पदराआड हसत म्हणाली, "असंल."